सुमेरची देवळे दगडाची नव्हती आणि थडगीही नव्हती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या आद्य शहरांवर लेख आला. सुमेरवर, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या त्या प्राचीन संस्कृतीवर, मराठीत कोणी पानभर लिहितो याचाच मला आनंद झाला, म्हणून लेख सावकाश वाचला. मात्र त्यातल्या तीन विधानांवर माझी हरकत आहे. उर येथील झिगुरातच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढत जाणाऱ्या आणि माथ्यावर देऊळ असलेल्या उंच चौथऱ्याच्या, छायाचित्राखाली 'सुमेरी राजांचा दगडी पिरॅमिड' असे छापले आहे. पुढे या वास्तू राजांची थडगी असल्याचे म्हटले आहे. आणि शेवटी, पुरोहितांनी देवाचा धाक घालून लोकांकडून हे डोंगर रचून घेतले व त्या धाकातूनच शहरे उभी राहिली, असा निष्कर्ष काढला आहे. पहिली दोन विधाने सरळ चुकीची आहेत. तिसरे अर्धवट आहे, आणि हे पत्र मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहितो आहे.

मी कराड तालुक्यातला. घरचा धंदा वीटभट्टीचा, कृष्णाकाठच्या गाळाच्या मातीवर चालणारा. सिव्हिलचा डिप्लोमा करून १९८०च्या दशकात एका भारतीय ठेकेदार कंपनीतर्फे इराकला गेलो. काम दक्षिणेत, नासिरिया शहराच्या आसपास, कालवे आणि निचऱ्याच्या चरांचे. शुक्रवारी सुट्टी असे आणि उर तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. माती आणि वीट मात्र मला कळते, आणि सुमेरची देवळे माती आणि विटेचीच आहेत.

उरचे झिगुरात उर-नम्मू राजाने इ.स.पू. २१००च्या सुमारास चंद्रदेव नन्नासाठी बांधायला घेतले आणि त्याचा मुलगा शुल्गी याने पुरे केले. पाया साधारण ६४ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. आतला गाभा सगळा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा. त्याला बाहेरून सुमारे अडीच मीटर जाडीचे भाजक्या विटांचे कवच, आणि या विटा एकमेकींना धरून ठेवायला डांबर. समोरून तीन जिने वर जातात, प्रत्येकी शंभर पायऱ्यांचे. माथ्यावर देवाचे मंदिर होते, ते आता उरलेले नाही. या अख्ख्या भरीव वास्तूत खोली नाही, भुयार नाही, शवपेटी नाही. उरला राजघराण्यातली थडगी सापडली आहेत, पण ती जवळच जमिनीत खणलेली आहेत आणि झिगुरातहून चार-पाचशे वर्षांनी जुनी आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात दोन्ही ठिकाणी खोदकाम केले, त्यामुळे या बाबतीत शंकेला जागाच नाही.

आज फोटोत दिसणारा पुढचा जिना आणि खालच्या टप्प्याचा दर्शनी भाग सद्दाम हुसेन यांच्या काळात नव्याने बांधलेला आहे. मी जुनी वीट पाहायला मागच्या अंगाला जायचो. वीट जवळजवळ फूटभर चौरस, जाडीला कमी. दोन थरांमध्ये डांबराची काळी रेघ, अजून घट्ट. काही विटांवर उर-नम्मूच्या नावाचा ठसा असतो, पण तो विटेच्या सपाट अंगावर असतो. वीट भिंतीत बसली की वरचा थर त्याच्यावर येतो आणि नाव झाकले जाते. ते वाचायला मिळते फक्त दोघांना: वीट बसवणाऱ्या गवंड्याला आणि ती भिंत पडल्यावर तिथे येणाऱ्या माणसाला. राजाने नाव घातले ते पुढे कधीतरी दुरुस्तीला येणाऱ्यासाठी. मला हे फार महत्त्वाचे वाटते. भिंत पडणार आणि कोणीतरी ती पुन्हा बांधायला येणार, हे तो पहिल्यापासून धरून चालला होता.

भिंतीत ठरावीक अंतरावर उभ्या, अरुंद फटी ठेवलेल्या आहेत. बाहेरच्या कवचातून आरपार जाऊन त्या आतल्या कच्च्या गाभ्यापर्यंत पोचतात. वूली यांनी यावरून असा तर्क केला होता की टप्प्यांवर झाडे लावलेली असावीत आणि त्यांना घातलेल्या पाण्याचा निचरा या फटींतून होत असावा. वूली मोठा माणूस, पण हा तर्क मला पटत नाही. कच्च्या विटेचा एवढा ढीग आतून वाळायला वर्षानुवर्षे लागतात. ओल बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर आतली माती फुगते आणि बाहेरचे कवच ढकलून पाडते. आजही रिटेनिंग वॉल बांधताना आम्ही वीप होल, म्हणजे पाणी निघून जायला भोके, ठेवतो ते याच कारणाने. शिवाय काही थरांआड बोरूच्या चटया अंथरलेल्या असतात. बगदादजवळ अकर कूफचे झिगुरात आहे. ते सुमेरींच्या बरेच नंतरचे, पण रीत तीच. तिथे गाभा उघडा पडला आहे आणि दर सात-आठ थरांनंतर बोरूचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माती वेगवेगळी बसून तडे जाऊ नयेत म्हणून ही योजना. ज्यांनी ती केली त्यांना माती कशी वागते हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते.

आता दगडाचे. तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या खालच्या खोऱ्यात दगड जवळपास नाहीच. आहे तो गाळ, बोरू, आणि हीत गावाजवळ जमिनीतून वर येणारे डांबर. चांगले लाकूडही बाहेरून आणावे लागे. अशा मुलखात मोठी वास्तू बांधायची तर ती कच्च्या विटेची, आणि कच्ची वीट फार टिकत नाही. तिथे पाऊस कमी, पण हिवाळ्यात येतो तेव्हा झोडपून काढतो. जमिनीत मीठ आहे. खारी ओल भिंतीत चढते, लोणा लागतो, आणि भिंत बुडाशी पोखरली जाते. दरवर्षी गिलावा हवा, पाझर बुजवायला हवेत, आणि माणसाच्या एका-दोन पिढ्यांत भिंत उतरवून नवी घालायला हवी. आपल्या लेखकाने या देवळांकडे एकदा बांधून संपलेली वास्तू म्हणून पाहिले आहे, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच झाला. सुमेरचे देऊळ बांधून कधी संपतच नसे.

याचा पुरावा एरिडू या सुमेरी शहरात आहे. आज त्या टेकाडाला तेल अबू शहरैन म्हणतात. फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी इराकच्या पुरातत्त्व खात्यातर्फे १९४६ ते १९४९ या काळात तिथे खोदकाम केले. वर अमर-सिन राजाच्या झिगुरातचे अवशेष होते. त्याखाली देऊळ, त्याखाली देऊळ, असे सतरा-अठरा थर मिळाले. सर्वांत जुन्या थरांतले देऊळ म्हणजे इ.स.पू. ५०००च्याही आधीची एक खोली, एका बाजूने तीन मीटरही भरत नाही एवढी. भिंतीत एक कोनाडा, त्यात छोटा ओटा, आणि खोलीच्या मध्यावर दुसरा ओटा, त्यावर जळल्याच्या खुणा. पुढे दर थराला देऊळ मोठे होत गेले. जुने पाडून टाकून देत नसत. भिंती एका उंचीवर छाटायच्या, आतली पोकळी भरून काढायची आणि त्याचेच जोते करून वर नवे बांधायचे. त्यामुळे प्रत्येक वेळी देऊळ थोडे उंच गेले. झिगुरातची उंची मुळात इथून आली असावी असे बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तेच खरे वाटते. एका राजाच्या मनात एके दिवशी डोंगर उभारायची लहर आली असे झालेले नाही. वरच्या थरांतल्या एका मोठ्या देवळात राखेबरोबर माशांची हाडे भरपूर सापडली. एरिडूचा देव एन्की, गोड्या पाण्याचा धनी. दलदलीतल्या कोळ्यांनी त्याला आपल्या रोजच्या जेवणातलेच वाढले होते.

बगदादजवळच्या खफाजाचे उदाहरण तर बांधकामातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९३०च्या दशकात तिथे अंडाकृती आवाराचे देऊळ शोधून काढले. बांधण्याआधी लोकांनी त्या सगळ्या जागेची वस्तीची माती खोल खणून काढली आणि खड्डा स्वच्छ वाळूने भरला. या वाळूचा अंदाज ६४,००० घनमीटर आहे. आपल्या हिशेबात साडेबावीस हजार ब्रास. यंत्र नाही, ट्रक नाही, सगळी डोक्यावरच्या पाटीने. पायाला एवढ्या वाळूची गरज नव्हती. देवाच्या घराखाली माणसांनी वापरलेली जमीन नको, ही भावना त्यामागे असणार.

खफाजाच्या विटा वरून फुगीर आहेत, खालून सपाट. इ.स.पू. २९००च्या सुमारापासून पाच-सहाशे वर्षे सुमेरमध्ये अशाच विटा चालल्या आणि पुस्तकांत त्याबद्दल बरेच कोडे घातलेले असते. साच्यात माती दाबून भरली आणि वरून फळी फिरवली नाही की वीट अशीच निघते. वर अंगठ्याचा खळगाही असतो. या विटा आडव्या न ठेवता तिरक्या उभ्या करून, एक ओळ उजवीकडे आणि एक डावीकडे कलती, भरपूर चिखलात बसवलेल्या आहेत. कसबी गवंडी थोडे आणि हाताखालची माणसे पुष्कळ असली की काम उरकण्याची ही चांगली पद्धत आहे. ती वीटच सांगते की कामावर शेतातून आलेली साधी माणसे होती आणि ती खूप होती.

एवढ्या माणसांना खायला कोणी घातले, इथून शहराची गोष्ट सुरू होते. उरुक या सुमेरी शहरातले पांढरे देऊळ इ.स.पू. साडेतीन-तीन हजारच्या दरम्यानचे. देऊळ साधारण साडेसतरा बाय बावीस मीटरचे, जिप्समचा पांढरा हात दिलेले, आणि सुमारे १३ मीटर उंच चौथऱ्यावर उभे. त्या सपाट मुलखात ते कित्येक कोसांवरून दिसत असणार. त्या चौथऱ्याच्या शेवटच्या मोठ्या बांधणीला दीड हजार माणसे रोज दहा तास राबली तर पाच वर्षे लागतील असा एक अंदाज आहे. त्याच उरुकमध्ये ओबडधोबड, तिरप्या काठाचे मातीचे वाडगे ढिगांनी सापडतात, सगळे साधारण एका मापाचे. काहींच्या मते ते पाव भाजायचे साचे आहेत, पुष्कळांच्या मते रोजचा शिधा मोजून देण्याचे माप. आणि त्याच उरुकमध्ये, इनान्ना देवीच्या एआन्ना आवारात, जगातल्या सर्वांत जुन्या लिखित पाट्या मिळाल्या, पाच हजारांच्या आसपास. त्या कुठे मिळाल्या? बहुतेक भरावात, केरकचऱ्याबरोबर, वरच्या मजबूत जमिनीखाली टाकलेल्या. त्यांत स्तोत्रे नाहीत. किती जव आला, किती मेंढ्या, कोणाला किती बिअर दिली, याच्या नोंदी आहेत. काम झाल्यावर पाटी टाकून दिली, जशी आम्ही हजेरीची जुनी वही टाकतो.

एआन्नातल्या सगळ्या मोठ्या इमारती देवळे होत्या की काही सभागृहे होती, यावर मतभेद आहेत. एक इमारत ७६ मीटर लांब आहे. मात्र तिची मांडणी पाहिली की मला एक गोष्ट जाणवते. मधे लांब दालन आणि दोन्ही बाजूंना लहान खोल्यांच्या रांगा, हीच मांडणी त्याआधीच्या साध्या घरांची आहे. इराकमधल्या हमरीन धरणात जमीन बुडण्याआधी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घाईघाईने जी खोदकामे झाली, त्यांत तेल मधुर आणि तेल अबादा इथे अशी घरे मिळाली. देवाला लोकांनी आपल्याच घरासारखे घर दिले, फक्त मोठे, उंच, आणि बाहेरून खाचा-पट्ट्यांनी सजवलेले. उरुकच्या काही भिंतींवर भाजलेल्या मातीचे बोटभर शंकू चिखलात ठोकलेले आहेत, डोकी लाल, काळी, पांढरी रंगवलेली. लांबून विणलेली चटई वाटावी असे नक्षीकाम. ओलाव्यापासून भिंतीचे रक्षणही होते. नासिरियाच्या खालच्या दलदलीत मी बोरूच्या जुड्या वाकवून केलेली मुदीफ पाहिली आहेत, पाहुण्यांना बसायची लांबलचक दालने. उरुककालीन मुद्रांवर कोरलेल्या बोरूच्या झोपड्या पाहिल्या की त्यांचे हे सख्खे भाऊबंद आहेत हे लगेच कळते.

तर देऊळ म्हणजे काय होते? कोठार, विणकामाचा कारखाना, गोठा, दारूची भट्टी, शेतमालाचा हिशेब, आणि देवाची दोन वेळची सेवा, हे सगळे एका आवारात. लगाश राज्यातल्या गिर्सू शहरात बाऊ देवीच्या देवस्थानाचे दप्तर सापडले आहे, इ.स.पू. २४व्या शतकातले, सोळा-सतराशे पाट्यांचे. हजार-बाराशे माणसांना तिथून जव मिळे: नांगरे, कोळी, माळी, लोहार, सुतार, आणि मुलांसह विणकर बायका. हे दप्तर वाचून आंतोन डाइमेल या अभ्यासकाने १९३१च्या सुमारास सिद्धान्त मांडला की सुमेरची सगळी जमीन देवळांची होती. पुढे इगोर द्याकोनोव आणि इग्नास गेल्ब यांनी दाखवले की तसे नव्हते. घराण्यांची जमीन होती, राजवाड्याची होती. आपल्या लेखातला 'पुरोहितांचे राज्य' हा सूर त्या जुन्या सिद्धान्ताचा आहे आणि तो मागे पडून बरीच वर्षे झाली.

याचा अर्थ सगळे गोडीगुलाबीने चालले होते असे मी म्हणत नाही. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात पुरुष मजुराला महिन्याला साधारण ६० लिटर जव ठरलेला होता आणि बाईला ३०च्या आसपास. हे वाचताना मला आमच्या भट्टीचा हिशेब आठवतो. तिथे मजुरी जोडीची धरत, हजार विटांमागे, आणि बाईचे नाव वहीत कधी चढत नसे. अन्याय तिथेही होता आणि तो हिशेबाच्या पाटीवरच लिहिलेला आहे. पण धाक हे एकच कारण मला पटत नाही. धाकाने एखादा राजा एक डोंगर उभा करील. हजारो वर्षे, राजे बदलले, घराणी बुडाली तरी त्याच जागी, त्याच दिशेला, जुन्या भिंतीवर नवी भिंत घालत राहायला लोकांची स्वतःची ओढ लागते. देवळाची सततची दुरुस्ती हे सगळ्यांचे सामाईक काम होते आणि त्या कामासाठी माणसे, धान्य, माप, हिशेब एका जागी आले. शहर त्याभोवती वाढले, असे माझे मत आहे.

राजेही त्या कामाखाली वाकलेले दाखवले आहेत. लगाशच्या उर-नान्शेचे एक शिल्प पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात राजा डोक्यावर विटांच्या मातीची पाटी घेऊन उभा आहे. उर-नम्मूच्या तशाच तांब्याच्या मूर्ती देवळांच्या पायात पुरलेल्या मिळाल्या. लगाशच्याच गुदेआ राजाने निंगिर्सू देवाचे एनिन्नू मंदिर बांधले. त्याची हकिकत दोन मोठ्या मातीच्या नळकांड्यांवर लिहिली आहे: स्वप्नात आज्ञा झाली, पहिली वीट त्याने स्वतः साच्यातून काढली आणि वर धरून उन्हात दाखवली, आणि मंदिर झाल्यावर सात दिवस दासी मालकिणीच्या बरोबरीने वावरली. राजाची बढाई त्यात आहेच. तरी बढाई कशाची मारावी हे त्याने काय ठरवले ते पाहा. त्याच गुदेआचा डायोराइट या कठीण दगडाचा एक पुतळा आहे, डोके नसलेला. मांडीवर पाटी, पाटीवर आवाराच्या भिंतीचा नकाशा कोरलेला, शेजारी मोजपट्टी. दारे, बुरूज, भिंतीची जाडी सगळे नीट दाखवले आहे. असा नकाशा माझ्या हातात आला तर मी आजही त्यावरून आखणी करून देईन.

जाता जाता एक. या भूमीशी आपल्या भागाचा संबंध आहे आणि तो दुःखाचा आहे. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन याच नदीकाठाने वर गेली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या, आणि तैग्रिसकाठच्या कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ला त्या शरण गेल्या. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'बसरा' हा शब्द यायचा तो यामुळे. त्या मोहिमेत पडलेल्यांचे बसरा स्मारक १९९७मध्ये शहराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेले.

उरची पुढची कहाणीही बरी नाही. शेजारी लष्करी विमानतळ असल्याने १९९१च्या युद्धात झिगुरातच्या भिंतीवर गोळ्यांचे शेकडो घाव पडले. २००३नंतर ते अमेरिकी तळाच्या कुंपणात गेले आणि २००९मध्ये इराकला परत मिळाले. त्याच २००३च्या एप्रिलमध्ये बगदादच्या संग्रहालयातून उरुकचा अलाबास्टरचा नक्षीदार कलश पळवला गेला. त्यावर खालून पाणी, पिके, मेंढ्या, मग टोपल्या घेतलेली माणसे, आणि सर्वांत वर देवीच्या दारी पोचलेली भेट, असे पट्टे कोरलेले आहेत. जूनमध्ये तो मोडलेल्या तुकड्यांत परत आला. उर, उरुक, एरिडू आणि दक्षिणेतल्या दलदली २०१६पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण यादीत नाव आल्याने लोणा थांबत नाही. तिथे दरवर्षी माती घेऊन जाणारी माणसे हवीत.

आपल्याकडे माझी मागणी अशी. छायाचित्राखालच्या ओळीची आणि थडग्यांच्या विधानाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. मुलांच्या कात्रणवहीत ते पान गेले असेल आणि शाळेत तेच पाठ होईल. दुसरे असे की, गिर्सू येथे ब्रिटिश म्युझियम आणि इराकचे पुरातत्त्व खाते मिळून काम करीत आहेत आणि गुदेआचे एनिन्नू सापडल्याचे २०२३मध्ये जाहीर झाले आहे. त्यावर आपण सविस्तर लेख द्यावा, आणि तो देताना सोन्याच्या दागिन्यांबरोबर विटेचे माप, थरांची मांडणी, पाण्याच्या निचऱ्याची सोय आणि मजुरांच्या शिध्याचे आकडेही छापावेत. लेखकाला बांधकामाच्या शब्दांसाठी मदत लागली तर मी आनंदाने करीन.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक), ता. कराड, जि. सातारा